उपाशी पोटी न घ्यायचं नाव

हिंगोली जिल्ह्यात मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा स्वतःच्या हौसेनं नाही. पहिल्या वेळी कंपनीनं पाठवलं, दुसऱ्या वेळी माझ्याच एका नोंदीनं. तिकडे बघण्यासारखं काय आहे, असं लोक विचारतात तेव्हा माझी पंचाईत होते. औंढ्याचं देऊळ आहे, पण त्याची पाटीच तेवढी मी एसटीच्या खिडकीतून वाचली, तीही चार वेळा. बाकी मी जे पाहिलं ते बहुतेक गावांच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या हॉटेलांतून पाहिलं. असं का झालं, तेच या मजकुरात पुढे येणार आहे.

दोन हजार सात-आठचा सुमार होता. मोटारीत बसवायच्या छोट्या पडद्यावर नकाशा दिसू लागला होता आणि पुण्यातली आमची कंपनी त्या पडद्यासाठी गावं गोळा करत होती. मी मूळचा ड्राफ्ट्समन. तीस वर्षं शाईच्या पेनानं रेषा ओढल्या, पुढे संगणक आला आणि पन्नाशीनंतर माझ्या हातात उपग्रहाशी बोलणारं एक यंत्र आलं. ते घेऊन गावात जायचं, मोकळ्या आभाळाखाली उभं राहायचं, अक्षांश-रेखांश नोंदवायचे आणि गावाचं नाव तीन गावकऱ्यांना विचारून फॉर्मवर लिहायचं. तिघं गावाच्या तीन भागांतले हवेत, असा नियम. त्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्यायचे आणि पुढच्या गावाला निघायचं. ऐकायला सोपं आहे. गुडघे दुखत असतील तर इतकं सोपं नाही.

पहिल्या खेपेहून परत आल्यावर महिन्याभरानं साहेबांनी बोलावलं. साहेब माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान, मला ‘काका’ म्हणतात. पडद्यावर सेनगाव तालुका उघडलेला होता. गोरेगावच्या पुढे मी नोंदवलेलं ‘भरलगाव’ सरकारी यादीत कुठेच नव्हतं आणि सरकारी यादीतली ‘रितवाडी’ माझ्या नोंदीत नव्हती. साहेब आवाज न चढवता म्हणाले, “काका, हे गाव लॉजवर बसून तर नाही ना काढलंत?”

मी फॉर्म दाखवला. तिघांची नावं, तिघांच्या सह्या, पूर्व, मध्य, पश्चिम असे तीन भाग. ते म्हणाले, सह्या काय, कोणीही करतो. आमच्याकडे एकानं तसं केलं होतं आणि त्याला काढलं होतं, ते मला ठाऊक होतं. माझा करार पुढच्या महिन्यात संपत होता. मी इतका दुखावलो की रजा टाकून स्वतःच जायला निघालो. सरपंचाचं पत्र आणायचं आणि टेबलावर ठेवायचं, एवढंच मनात होतं. तीस वर्षांत मला कोणी खोटा म्हटलं नव्हतं.

हिंगोली

बसस्टँडजवळचा लॉज तोच आणि मॅनेजरही तोच. त्यानं मला ओळखलं, पण चुकीचं. “टावरवाले साहेब ना?” असं म्हणून आमच्या गल्लीत टॉवर केव्हा बसवून राहिले, हे तो विचारू लागला. यंत्र हातात धरून आभाळाकडे बघणारा माणूस या भागात एकतर टॉवरवाला असतो, नाहीतर रस्त्यासाठी जमीन मोजणारा. टॉवरवाल्याला चहा मिळतो, जमीनवाल्याला मिळत नाही. म्हणून मागच्या खेपेला मी हा गैरसमज कुठे दूर केला नव्हता आणि आताही केला नाही.

संध्याकाळी यंत्रासाठी सेल घ्यायला बाजारात गेलो. दुकानदारानं हिंदीत हमी दिली की हे सेल महिनाभर चालतील. खोलीवर येऊन घातले तर यंत्रानं दोन मिनिटं उजेड दाखवला आणि डोळे मिटले. परत गेलो तर दुकान वाढवलेलं होतं. मॅनेजरनं भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून दिला, दुसरा त्याच्या विजेरीतला घेतला. घड्याळ पावणेआठवर थांबून राहिलं.

खानावळीत ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि तुरीचं घट्ट वरण मिळालं. आमच्याकडे वरणात गूळ पडतो, इथं लसूण. मला लसणाचं आवडलं, हे मी घरी अजून सांगितलेलं नाही. वाढणारा माणूस ‘अजून घ्या’ म्हणत नाही, सरळ ताटात टाकतो आणि मग ‘बराबर?’ म्हणून विचारतो. थकलेल्या माणसाला ही पद्धत चांगली आहे, नकार द्यायचेही कष्ट पडत नाहीत.

गोरेगाव

सकाळी आठच्या आत गोरेगावला पोचलो. बाजाराचं गाव आहे. सेनगावकडे आणि हिंगोलीकडे जाणाऱ्या जीपा तोंडं वळवून उभ्या असतात आणि आडगावांच्या जीपा जरा बाजूला, कडुलिंबाखाली. मागच्या वेळी मी इथून कुणाच्या तरी मोटारसायकलवर गेलो होतो, त्यामुळे जीपवाल्यांशी बोलायची वेळ आली नव्हती. आता हातात साहेबांनी दिलेली यादी होती. मी ती वाचून मोठ्यांदा विचारलं, रितवाडीची जीप कुठली?

कपबशीतून चहा पिणारा एक माणूस बशी तोंडाजवळ धरून तसाच थांबला. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी पुन्हा विचारलं, आणखी मोठ्यांदा. तेव्हा जीपचा ड्रायव्हर कपाळाला आठ्या घालून माझ्याजवळ आला.

“साहेब, सकाळी सकाळी काहून त्या गावाचं नाव घेता? अजून कोनाच्या पोटात कन बी न्हाई.”

मी म्हटलं, पण मला तिथंच जायचं आहे. तो म्हणाला, मग नीट म्हणा, भरलगावाला जायचं. बसा, तिकडंच चाल्लो.

मी बसलो. रस्ताभर मी विचारत गेलो आणि लोक हळूहळू सांगत गेले. त्या गावाचं नाव उपाशी पोटी घेतलं तर दिवसभर अन्न मिळत नाही, अशी पंचक्रोशीची समजूत. म्हणून सकाळी सगळे रित्याचं भरलं करून त्याला भरलगाव म्हणतात. जेवण झालं की मग खुशाल रितवाडी. एसटीचा कंडक्टरसुद्धा सकाळच्या फेरीला भरलगावचं तिकीट म्हणूनच विचारतो, तिकिटावर छापलेलं असतं ते वेगळं.

माझ्या शेजारी तांड्यावरचे एक म्हातारे बसले होते, पांढरा फेटा आणि हातात रिकामी पिशवी. त्यांनी सांगितलं की त्यांचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून फिरायचे. एका दुष्काळात त्यांचा मुक्काम या गावाशेजारी पडला. “आमच्यापाशी मीठ हुतं, गावापाशी पीठ न्हवतं. मीठ खाऊन कोन जगते?” तेव्हापासून नाव बंद, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या सीटवरच्या माणसाला ही गोष्ट मान्य नव्हती. त्याच्या मते हे नाव एका कंजूष पाटलामुळे पडलं. दोघांचा वाद सुरू झाला आणि त्या वादातही दोघांनी नाव घेतलं नाही, ‘ते गाव’ असंच म्हणत राहिले.

मला हसू आलं नाही. आमच्या घरी तरी काय वेगळं आहे? बांगडी फुटली तर ‘वाढवली’ म्हणायचं, निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायचं. मीठ संपलं असं माझी आई कधी म्हणाली नाही, ‘मीठ वाढलं’ म्हणायची आणि मी डबा उघडून बघायचो की खरंच वाढलं का. आम्ही एका बांगडीपुरतं करतो ते इथल्या लोकांनी गावापुरतं केलं, एवढाच फरक. मागच्या खेपेला मी सकाळी साडेआठला पोचलो होतो आणि तिघांनी मला सकाळचं नाव सांगितलं होतं. मी खोटा नव्हतो. किती दिवसांनी मला बरं वाटलं. जीप खड्ड्यांतून जात होती, यंत्र मांडीवर होतं आणि दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. त्या पऱ्हाट्याही मला चांगल्या दिसल्या.

रितवाडी

जीप थांबते तिथंच नामदेवरावांचं चहाचं हॉटेल आहे. पत्र्याचं छप्पर, एक लांब बाक आणि समोर मोकळी जागा. त्यांनी मला लगेच ओळखलं आणि पहिली गोष्ट विचारली, ती म्हणजे टॉवर. मी या वेळी खरं काय ते सांगितलं. नकाशात गावाचं नाव चुकलं म्हणून माझी नोकरी अडचणीत आहे, हे ऐकून त्यांना खरोखर वाईट वाटलं. आमच्यापायी तुमाला तकलीफ झाली, असं ते दोनदा म्हणाले आणि आलूबोंड्याची बशी पुढे केली. मी खाल्ला. त्यांनीही एक उचलला, खाल्ला, पाणी प्याले आणि मग माझ्याकडे बघून अगदी सावकाश म्हणाले, “आता लिहा. रितवाडी.”

बाकावरची माणसं हसली. एकानं विचारलं, मोटारीतल्या पडद्यावर सकाळी कोणतं नाव दिसणार? मी म्हटलं, एकच, चोवीस तास तेच. यावर बराच खल झाला. यंत्राला पोट नसतं, त्याला काय होणार, असा निकाल नामदेवरावांनी दिला. पण गाडी चालवणाऱ्याला असतं ना, असं दुसरा म्हणाला. शेवटी दोन्ही नावं लिहा, असं सगळ्यांचं ठरलं. मी म्हटलं, त्यासाठी सरपंचाचं पत्र लागेल. सरपंच कुठे भेटतील?

नामदेवरावांनी पूर्वेकडे हात केला. कौसाबाई सरपंच, बौद्ध वस्तीत घर. रस्ता सरळ आहे, नाला ओलांडला की आलंच.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मी ती आतापर्यंत सांगितली नाही, कारण साहेबांना सांगितली नव्हती आणि स्वतःशीही फारशी बोललो नव्हतो. माझ्या फॉर्मवरचे पूर्व, मध्य आणि पश्चिम हे तिघंही याच बाकाच्या आसपास होते. त्या दिवशी पुढे आणखी तीन गावं उरकायची होती, अंगात कणकण होती आणि गुडघा वळत नव्हता. बाकाच्या पूर्वेच्या टोकाला जो बसला होता त्याच्यापुढे मी ‘पूर्व वस्ती’ लिहिलं. मधल्यापुढे मध्य. नामदेवराव पश्चिमेला शेगडीपाशी उभे होते. चहा संपायच्या आत गाव झालं होतं.

नाला कोरडा होता. चढ लहानसा, पण गुडघ्याला तो कळला. यंत्र चालू होतं आणि मी सवयीनं अंतर बघत होतो. हॉटेलापासून कौसाबाईंच्या अंगणापर्यंत तीनशे चाळीस मीटर.

अंगणात एक गृहस्थ दोरखंड वळत होते. ते सरपंचबाईंचे यजमान. आपल्याकडच्या अनुभवानं मी त्यांनाच सगळं सांगू लागलो. त्यांनी अर्ध्यात थांबवलं आणि म्हणाले, मला काय सांगता, बाईला सांगा, सही तिची चालते. कौसाबाई आतून आल्या, हाताला तुरीची धूळ लागलेली. मला खुर्ची दिली, स्वतः ओट्यावर बसल्या आणि डोळ्यांवर चष्मा चढवून मागच्या खेपेचा फॉर्म मागितला. पत्र देण्यापूर्वी त्या सगळा कागद वाचणार होत्या. आतापर्यंत ज्यांच्या ज्यांच्या सह्या घेतल्या, त्यांतल्या कोणी फॉर्म वाचला नव्हता.

त्यांचं बोट पहिल्याच नावावर थांबलं.

“हा किसन तर मारुतीपाशी राहते. पार तिकडच्या अंगाला. पूर्वेला कवा आला?”

मी काहीतरी सांगू शकलो असतो. लिहिताना चूक झाली, असं म्हणालो असतो तर त्यांनी ते मानलंही असतं. पण सकाळपासून मी खोटा नाही, खोटा नाही, असं मनात घोकत इथवर आलो होतो, त्याचीच मला शिसारी आली. बाकाची गोष्ट मी त्यांना सांगितली. यजमानांचे दोर वळणारे हात थांबले. कौसाबाई मात्र रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

“त्या रोजी वर आले असते तर तुमाला नाव तवाच कळलं असतं,” त्या म्हणाल्या. “आमी सकाळी बी रितवाडीच म्हनतो. आमच्या लोकायनं उपास काढले, पन ते काही नावापायी न्हाई काढले.”

मग त्यांनी विचारलं की त्यांची घरं नकाशात कुठे आहेत. मी यंत्र पुढे केलं. बारीक काळा ठिपका होता, हॉटेलावर. नाल्याच्या अलीकडे, म्हणजे त्यांच्या बाजूला, काहीच नव्हतं, रिकामी जागा. त्यांनी ते बराच वेळ बघितलं.

“टँकर हाटेलापाशी थांबते. दवाखान्याची गाडी तिथंच थांबते. आमी खाली जाऊन आनतो, आमी खाली जाऊन दाखवतो. तुमचा नकाशा बी तिथंच थांबला म्हना.”

मी उठलो आणि त्यांच्या अंगणातून वस्तीच्या टोकापर्यंत चालत गेलो, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबलो, बिंदू घेतले. दुपार होती, ऊन पाठीवर होतं. यजमान माझ्याबरोबर आले आणि हे घर कोणाचं, ते कोणाचं, शाळेची खोली कुठली, बुद्धविहार कुठलं, ते सांगत राहिले. तीन माणसांना मी गावाचं नाव विचारलं. तिघांनी एकच सांगितलं आणि का विचारता म्हणून माझ्याकडे नवलानं पाहिलं.

परत आलो तेव्हा ताट वाढलेलं होतं. भाकरी, बेसन, कांदा, शेंगदाण्याची चटणी. कौसाबाईंनी पत्र आधीच लिहून ठेवलं होतं, स्वच्छ अक्षरात, खाली शिक्का. रितवाडी आणि भरलगाव ही एकाच गावाची नावं आहेत, काही लोक सकाळी दुसरं नाव घेतात, एवढाच मजकूर. बाकाबद्दल एक शब्द नव्हता. मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

“जे मला ठावं ते मी लिहिलं,” त्या म्हणाल्या. “बाकीचं तुमचं तुमी सांगा.”

जेवलो. बेसन तिखट होतं, डोळ्यांत पाणी आलं आणि ते बेसनाचंच आहे असं सगळ्यांनी मानलं. खाली उतरताना नामदेवरावांनी हाक मारली, पत्र मिळालं का विचारलं. मी हातानंच हो म्हटलं. बाकावर बसलो नाही, जीप येईपर्यंत उभा राहिलो.

पुणे

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. अंग इतकं मोडून आलं होतं की हिंगोलीच्या लॉजवाल्याचे सेल परत द्यायचे राहिले, ते नंतर एका ओळखीच्या कंडक्टरबरोबर पाठवले.

साहेबांनी पत्र वाचलं आणि मोठ्यांदा हसले. त्यांनी चार माणसांना बोलावून सकाळच्या नावाची गोष्ट ऐकवली आणि त्यांनाही गंमत वाटली. माझ्यावर शंका घेतल्याबद्दल त्यांनी सरळ माफी मागितली. हे त्यांच्या जागेवरच्या माणसाला सोपं नसतं, ते मी मानतो. करार पुढे चालू राहील, आता वाशीम जिल्हा काका तुम्हालाच, असं म्हणून त्यांनी रितवाडीचा फॉर्म बंद केला आणि चहा मागवला.

चहा आला. तो मी प्यालो असतो आणि उठलो असतो तर कोणाला काही कळलं नसतं. कौसाबाई पुण्याला येणार नव्हत्या. पण तो लांब बाक माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी साहेबांना म्हटलं, फॉर्म पुन्हा उघडा. मग सांगितलं की पूर्व वस्तीचा माणूस पूर्व वस्तीचा नव्हता, पहिल्या खेपेला मी नाला ओलांडलाच नव्हता. नव्यानं घेतलेले बिंदू त्यांच्यापुढे ठेवले.

नवे बिंदू त्यांनी पडद्यावर टाकले आणि रिकाम्या जागेत एकेक गल्ली उमटत गेली. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी फक्त हिंगोली जिल्ह्याची गावांची यादी छापून माझ्यापुढे ठेवली आणि लाल पेन दिलं.

“आणि बाकीची गावं, काका?”

मी चष्मा पुसला. ज्या ज्या गावात मी हॉटेलाच्या पुढे गेलो नव्हतो, त्या नावापुढे खूण करायला लागलो. पान संपलं तेव्हा त्यांनी दुसरं पान माझ्यापुढे सरकवलं.